एक्सलमधल्या दोन वायरी

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या अर्ध्या लोकांनी मला येऊन सांगितलं, त्या बॅटरीच्या सायकलनं घेतला विनायकला. उरलेल्या अर्ध्यांनाही तेच म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडात लाडू होता. मी पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत होते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलतच नाहीये, तुझ्याशीच बोलतेय. त्यामुळे तो नियम मला लागू नाही.

झालं ते एवढंच, की तू सकाळी डोंबिवलीहून शहाडला एका पंपाची मोटर बघायला निघालास आणि शहाडच्या पुलाच्या चढावर सायकलसकट पडलास. ज्या टेम्पोवाल्यानं तुला उचललं तो नंतर हॉस्पिटलात वहिनीला म्हणाला, सायकल बाजूला करायला गेलो तर पुढचं चाक अडकलेलं होतं, फिरतच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. पण वहिनीनं ऐकलं ते टेम्पोवाल्याचं. तेरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एकदाच, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुम्हा दोघांचा खेळ झाला, कुसुमताई."

मी माझ्या ताटातले खडे वेचत राहिले. चाक अडकणं म्हणजे काय, हे त्या अख्ख्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

तुला हे सांगायची गरज नाही, पण मी तेरा दिवस स्वतःला तेच सांगत होते, म्हणून तूही ऐक. त्या सायकलीची मोटर पुढच्या चाकाच्या मधोमध, चपट्या डब्यासारखी. डबा फिरतो, मधला एक्सल, म्हणजे चाकाचा आस, फिरत नाही. वीज आत जाते ती त्या एक्सलला आडव्या पाडलेल्या भोकातून, दोन वायरींनी. चढावर मोटर करंट ओढते, वायरी तापतात, वरचं प्लास्टिक मऊ होतं आणि बोटभर लांबीच्या त्या भोकात दोन्ही वायरी एकमेकींना चिकटतात. आणि चिकटल्या की मोटर चालायची थांबते एवढंच नाही, ती उलट चाकाला धरून ठेवते. चालत्या चाकाला ब्रेक लागतो. शहाडच्या पुलावर, चढावर, मागून गाड्या येत असताना. चाक अडकलं असेल तर वायरी चिकटल्या होत्या, आणि वायरी चिकटल्या असतील तर तू माझं ऐकलं नव्हतंस. मग मी तुला नीट का सांगितलं नाही? हे मी रोज विचारत होते, कधी तुला, कधी मला.

नीट सांगितलं होतं मी. चांगलं ओरडून सांगितलं होतं. तोच तर राग आहे.

आपण दोघं एमआयडीसीतल्या त्या मोटरींच्या कारखान्यात लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तू एकवीसचा. बायकांना वाइंडिंगला, म्हणजे मोटरीत तारेचे वेढे भरायला घ्यायचे, बोटं बारीक असतात म्हणून. पुरुषांना टेस्टिंगला. तू हट्टानं वाइंडिंगला आलास आणि आपल्या दोघांचे एकच उस्ताद झाले. उस्तादांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, वायर ओढायची नाही, बसवायची. दुसरी, मोटरीचं झाकण बंद करण्याआधी आत चिठ्ठी ठेवायची. वेढे किती, वायरचा गेज म्हणजे जाडी काय, आणि शेवटच्या ओळीत ‘हात’ लिहून भरणाऱ्याचं नाव. पेन्सिलनं लिहायची, कारण वार्निशमध्ये शाई पसरते. पुढे कधीतरी ती मोटर दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला वेढे मोजत बसायला नकोत. आणि काम वाईट असलं तर शिवी कुणाला द्यायची हेही त्याला कळायला हवं. उस्ताद म्हणायचे, चिठ्ठीत खोटं लिहिलं तर पुढच्याचा हात जळतो.

कारखाना बंद पडला आणि आपण स्टेशनपासून लांब, एमआयडीसीच्या रस्त्याला गाळा घेतला. पाटीवर ‘विनायक वाइंडिंग वर्क्स’ आलं. मी विचारलं, माझं नाव कुठाय? तू म्हणालास, ‘वर्क्स’ म्हणजे तूच की गं. मी हसले. तेव्हा मी तुझ्या विनोदांना हसायचे, ही माझी चूक.

मग चिठ्ठ्या. मी भरलेल्या पंख्यांत, पंपांत, पिठाच्या गिरणीच्या मोटरींत तू ‘हात – विनायक’ लिहायला लागलास. पहिल्यांदा मला वाटलं विसरलास. दुसऱ्यांदा विचारलं. तू म्हणालास, अगं, कल्याणचा एखादा वाइंडर उघडेल आणि बाईनं भरलीय म्हणून हसेल, धंद्याला बरं नाही. मी म्हटलं, हसू दे, मोटर चालतेय ना? त्यावर तू विषय बदललास. तू विषय फार छान बदलायचास. भजी मागवायचास. मी भजी खाल्ली आणि माझं नाव गिळलं, असं वर्षानुवर्षं चाललं. लोक दुकानात येऊन माझ्यासमोर म्हणायचे, विनायकच्या हातासारखा हात नाही. मी ऐकून घ्यायचे. तू म्हणायचास, आमच्या कुसुमचीही मदत असते. मदत!

बॅटरीची सायकल आपल्याकडे आली ती मोठागावच्या काशिनाथमुळे. काशिनाथ खाडीवरचा, मासे विकायचा. गुडघा गेल्यामुळे त्याला पायडल मारवत नव्हतं. घोडबंदर रोडला एका शेडमध्ये कुठल्यातरी कंपनीनं बाहेरून मोटरी आणून सायकली जोडायला घेतल्या होत्या. तेव्हा तो रस्ता म्हणजे झाडी आणि कारखान्यांचे पत्रे. आता तिथे टॉवर उभे राहतायत. काशिनाथ ठाण्याला जाऊन त्यांची एक सायकल घेऊन आला. पंधरा दिवस तो गावात राजासारखा फिरला. सोळाव्या दिवशी माशांची पाटी मागे बांधलेली सायकल ढकलत आपल्या दारात उभा. तू मोटर खोलून वायरी बदलून दिल्यास. महिन्याभरात परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तुला म्हणाला, "परत जलली रं दादूस. मना नको ही. तूच ठेव." आणि रिक्षानं गेला.

तू कंपनीला पत्र लिहिलंस. आठवतं? मी सांगत होते आणि तू लिहीत होतास. भोकातली वायर बारीक आहे, वरचं प्लास्टिक जाड आहे आणि उष्णता सहन करत नाही, असं साधं सरळ पत्र. त्यांचं उत्तर आलं, टाइप केलेलं. अनधिकृत व्यक्तीनं मोटर उघडल्यामुळे हमी संपली आहे. माणसाचं पोट ज्या चाकावर, ते चाक भर रस्त्यात अडकतं, आणि यांना काळजी कशाची तर उघडलं कुणी! मी ते पत्र फाडायला निघाले होते. तू ते फाइलला लावलंस. तुझं हे एक होतं, अपमानसुद्धा पंच करून फाइलला लावायचा.

पुढे तक्रारी वाढल्या असणार, कारण एक दिवस त्यांचा इंजिनीअर स्वतः दुकानात आला. स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेनं. मी त्याच्यासमोर वायरीचा तुकडा धरला आणि सांगायला सुरुवात केली. की भोक मोठं करू नका, एक्सलमध्ये तिथेच जीव कमी आहे, नटाजवळ मोडेल. वायरीवरचं कवच पातळ करा. टेफ्लॉनची वायर मिळते, कवच कागदासारखं, तापलं तरी वितळत नाही. त्याच भोकात तांबं दीडपट बसेल. मी उल्हासनगरच्या भंगारातून कुठल्यातरी जुन्या यंत्रातली तसली वायर आणून ठेवलीही होती. मी हे सांगत होते आणि तो माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघत होता. माझं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "ताई, जरा चहा सांगता का?"

आणि दादा, तू गप्प बसलास.

मी चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा तू त्याला एक्सलला मोठं ड्रिल कसं मारायचं ते समजावत होतास. माझी वायर टेबलाच्या कडेला पडली होती, त्यावर त्याचा चष्म्याचा डबा. तो गेल्यावर मी तुला विचारलं, का नाही बोललास, की आधी हिचं ऐका? तू म्हणालास, अगं, तो कंपनीत जाऊन काय सांगणार, डोंबिवलीच्या एका बाईनं शिकवलं म्हणून? त्याची नोकरी आहे. त्या परक्या माणसाच्या नोकरीची तुला केवढी काळजी. त्या कंपनीनं काहीच केलं नाही, ना तुझं ना माझं. वर्षभरात शेडला कुलूप लागलं. पण तुझं ते गप्प बसणं काही बंद पडलं नाही, ते माझ्या डोक्यात चालूच राहिलं.

त्यानंतर आपलं भांडण एक्सलवर आलं. भोक मोठं करून जाड वायर घालायची, हे तुझं. भोक तसंच ठेवून पातळ कवचाची वायर घालायची, हे माझं. चहाबरोबर भांडलो, जेवताना भांडलो. वहिनी म्हणायची, माझ्या माहेरी जमिनीवरून भांडतात, तुम्ही भोकावरून भांडता. तू म्हणालास, काशिनाथची सायकल पडलीय ना, तिच्यावर करून दाखवतो. मी म्हटलं, काय करायचं ते स्वतःच्या पायाखाली कर, दुसऱ्याला बसवू नकोस. मग मी आत्याला बघायला लांज्याला आठ दिवस गेले. परत आले तर तू दुकानासमोर त्या सायकलीवर बसून घंटी वाजवत होतास. झालं, म्हणालास. आख्खी मोटर नव्यानं भरली. एक्सलला ड्रिल मारलं. जाड वायर घातली. मानपाड्याचा चढ चढून आलो, बर्फासारखी गार आहे.

मी मोटरीवर हात ठेवून बघितला. गार होती. मला किती वाईट वाटलं, सांगू? तुझी सायकल चालली याचं मला वाईट वाटलं. असली बहीण तुझी.

त्यानंतर चार वर्षं रोज सकाळी तू दुकानाशी येऊन घंटी वाजवायचास आणि म्हणायचास, "कुसे, एक्सल अजून मोडला नाही हं!" मी आतून म्हणायचे, मोडेल तेव्हा बोलू. रोज. ठरलेलं. ग्राहकांनाही पाठ झालं होतं. शहाडला निघालास त्या दिवशीसुद्धा तू घंटी वाजवलीस आणि मी मान वर न करता म्हटलं, मोडेल तेव्हा बोलू. मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द तो. आता कळलं, मी तेरा दिवस का गप्प होते?

चौदाव्या दिवशी मी काशिनाथला निरोप पाठवला. तो हातगाडी घेऊन आला. तुमच्या जिन्याखाली ताडपत्रीत सायकल होती, वहिनीला ती डोळ्यांसमोर नको होती. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय म्हणाली. मी म्हटलं, एक दिवस द्या मला. तिनं नुसता दरवाजा लावून घेतला. काशिनाथनं सायकल एकट्यानं उचलली, गुडघा दुखत असताना. गाळ्यात उतरवताना एवढंच म्हणाला, चाक बघ नीट, लोकांचं ऐकू नको.

चाक खरंच अडकलेलं होतं. मी हातानं ढकललं, हललं नाही. मी खाली बसले. अर्धा तास तशीच बसले असेन. मग जरा उजेडात वाकून बघितलं. पडताना हँडल पूर्ण फिरलं होतं, ब्रेकचा दांडा वाकला होता, आणि ब्रेकचं रबर जाऊन रिममध्ये रुतलं होतं. पाना घेतला, ब्रेक सैल केला, मोटरीची वायर बॅटरीपासून सोडवली आणि चाकाला बोट लावलं.

फिरलं, दादा. सुळ्ळकन फिरलं, थांबता थांबेना. वायरी चिकटलेल्या असत्या तर असं फिरलं नसतं. टेम्पोवाल्यानं सायकल उचलली तेव्हा चाक अडकलेलं होतं, हे खरंच. पण ते पडल्यामुळे अडकलं होतं. तू अडकलेल्या चाकामुळे पडला नव्हतास. मी जमिनीवर बसून रडले, तुझ्या तेराव्यालासुद्धा रडले नव्हते तशी. आणि रडून झाल्यावर मला पुन्हा राग आला, कारण याचा अर्थ खरोखर तुझं हृदयच. छातीत दुखतंय हे तू कुणालाही सांगितलं नसणार. सांगायच्या गोष्टी आत ठेवायच्या, ही तुझी जुनी खोड.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. चाक सुटलं होतं, मी सुटले होते, वहिनीला सांगायला एवढं पुरे होतं. पण मी स्क्रूड्रायव्हर घेतला. खोटं कशाला बोलू, मला तो एक्सल बघायचा होता. चार वर्षांत त्या मोठ्या भोकापाशी बारीकशी तरी चीर गेली असेल, केसाएवढी तरी, आणि मग मी तुझ्या फोटोसमोर जाऊन म्हणेन, बघ. माणूस गेल्यावर चौदाव्या दिवशी त्याच्याशी भांडण जिंकायला मी मोटर उघडली. तूही हेच केलं असतंस.

झाकण निघता निघेना. चुंबकांनी धरून ठेवलं होतं. एकदा बोट सापडलं, नख काळं झालंय अजून. आत तुझं काम होतं. कुणाचं आहे ते विचारावं लागत नाही, तू वेढे बांधायच्या दोऱ्याला दोनदा पीळ देऊन गाठ मारतोस, उस्ताद नेहमी ओरडायचे त्यावर. सगळ्या गाठी तशाच. एकेक वायर बसवलेली, ओढलेली नाही. फार सुंदर भरली होतीस. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

मग एक्सल पुसला. भोक तेवढंच होतं. कंपनीनं पाडलेलं, तेवढंच. मी कॅलिपर लावून मोजलं, कारण माझा विश्वास बसेना. ड्रिल लागलंच नव्हतं. आणि त्या भोकातून दोन वायरी आल्या होत्या, पांढरट, कागदासारख्या कवचाच्या. उल्हासनगरच्या भंगारातल्या, माझ्या. टेबलाच्या कडेला चष्म्याच्या डब्याखाली पडलेल्या. चार वर्षांत कुठे डाग नाही, कुठे मऊ पडलेल्या नाहीत.

लबाड माणसा! चार वर्षं! चार वर्षं रोज सकाळी घंटी वाजवून मला हरवत होतास, माझ्याच वायरीवर बसून!

मला उठून तुझ्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं कळलं की तू मेला आहेस. शिव्या ऐकायलासुद्धा समोर नाहीस. चार वर्षांत एकदा, फक्त एकदा म्हणायचंस, कुसे, तुझं बरोबर होतं. मी काय पेढे वाटले असते? वाटले असते कदाचित. पण तू ते घंटी वाजवणं सोडायला तयार नव्हतास. की हरलो म्हणायची लाज वाटत होती? की लांज्याहून आल्याबरोबर एकदा खोटं बोलून गेलास आणि मग रोज तेच खोटं सांभाळावं लागलं? मला उत्तर हवं होतं. तू नाहीस म्हणून मी मोटरीलाच विचारलं, म्हणजे वेढ्यांना लावलेल्या कागदाखाली बोट घालून चिठ्ठी शोधली.

होती. पेन्सिलनं लिहिलेली, घडी करून. वेढे, गेज, सगळं तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. खाली एक ओळ, ‘एक्सलला ड्रिल मारू नये, मोडेल.’ भांडताना मी म्हणायचे तेच वाक्य, शब्दाला शब्द. आणि त्याच्याखाली, ‘हात – कुसुम.’

मी ती कितीदा वाचली ते सांगत नाही. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा पुन्हा संताप आला. मी भरलेल्या सगळ्या मोटरींत तुझं नाव, आणि जी भरताना मी बोटही लावलं नाही अशा या एका मोटरीत माझं. मान दिलास तो पत्र्याच्या डब्यात, बारा स्क्रूंच्या आत, जिथे तू मेल्याशिवाय कुणी बघणार नाही. दुकानात चार माणसांसमोर द्यायचा होतास. त्या दोन पेनवाल्यासमोर द्यायचा होतास. त्यासाठी तुला एक वाक्य पुरलं असतं, आणि तू अख्खी मोटर भरत बसलास.

पण दिलास. तेही सोडत नाही मी. चाललेलं चाक माझ्या नावावर लिहून, त्याच्यावर चार वर्षं रोज स्वतः बसलास. एवढा विश्वास मला तोंडावर कुणी दाखवला नाही.

संध्याकाळी चाक आणि चिठ्ठी घेऊन वहिनीकडे गेले. तिला काही समजावलं नाही. चाक धरलं तिच्यासमोर आणि फिरवलं. ब्रेक कसा रुतला होता ते सांगितलं. ती बराच वेळ फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिली.

"म्हणजे ते आधीच गेले होते?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. पडायच्या आधीच.

"मग लागलं नसेल त्यांना."

नाही लागलं, मी म्हटलं. ती तिथेच, दारात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मग आत जाऊन चहा टाकला आणि चिठ्ठी वाचली. म्हणाली, ह्यांचं अक्षर शेवटपर्यंत सुधारलं नाही. भंगारवाल्याला नको सांगितलंय तिनं. सायकल सध्या दुकानात आहे. काशिनाथला द्यायची म्हणतेय ती, त्याचीच होती, आणि आता ती जळणार नाही हे त्याला मी सांगेन. मी सांगेन, मी. मदत म्हणून नाही.

दादा, चिठ्ठी पुन्हा आत ठेवायची असते, तो नियम मी मोडलाय. तुझी चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली घातली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. आज सकाळी एक जण मिक्सर घेऊन आला, त्यानं ती वाचली आणि विचारलं, कुसुम कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, बरं, मग संध्याकाळी येऊ का? एवढंच. कुणी हसलं नाही. तू उगाच घाबरलास इतकी वर्षं.

आणि मोटर मी आज बंद केली. तुझ्या गाठींना हात लावला नाही. नवी चिठ्ठी लिहून आत ठेवली आहे, पेन्सिलनं. वेढे तेच, गेज तोच, एक्सलला ड्रिल मारू नये हेही तसंच. फक्त शेवटची ओळ दुरुस्त केली. हात – विनायक. चिठ्ठीत खरं तेच लिहायचं असतं, ते उस्तादांनी तुलाही शिकवलं होतं.